नाव ठेवणारे काका

आमच्या नोएडात माणूस आकड्यांवर राहतो: सेक्टर, टॉवर, मजला, पार्किंग. शहराचं नावसुद्धा १९७६ साली स्थापन झालेल्या एका सरकारी प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. निदान बाळाच्या नावाला तरी अर्थ असावा, म्हणून मराठी घरात पाळणा हलला की पहिला फोन काकांना जातो. खरा मान आत्याचा. पण ती असते पुण्यात. ती व्हिडिओ कॉलवर ‘कुर्र’ करेपर्यंत काका नाव ठरवून मोकळे झालेले असतात.

देव, फुलं, नद्या काकांना चालत नाहीत. नाव गुणाचंच हवं. गुण निवडायची रीतही ठरलेली. चहा पिता पिता आईबापांना न्याहाळायचं आणि घरात जो गुण औषधालाही सापडत नाही, तो बाळाच्या पदरात टाकायचा. सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न वाजवणाऱ्याचा मुलगा संयम. सासूचं लग्नातलं बोलणं अजून तारीखवार सांगणाऱ्या सुनेची मुलगी क्षमा. ‘शाळेत तिला छमा म्हणतात हो!’ अशी तक्रार आली, तर काका म्हणाले, ‘प्रज्ञाचीही इथे प्रग्या होते. क्षमा करायची सवय तिथूनच लागू द्या.’ काका असे नाव ठेवतात आणि मग सोसायटी काकांना नावं ठेवते.

कुणी नाव जुनाट म्हटलं, की काका थेट विलायतेत. ‘सतराव्या शतकात तिथले प्युरिटन मुलींना पेशन्स, प्रूडन्स म्हणत. धीर आणि विवेक! त्यांच्याही घरात तुटवडाच असणार.’

परवा तेविसाव्या मजल्यावर बारसं होतं. बापाला नुकतंच प्रमोशन मिळालेलं आणि पार्किंगवरून मजल्यावरच्या तिन्ही घरांशी अबोला. त्याला मुलीचं नाव हवं होतं उन्नती. काकांनी पिशवीतून भागवत काढलं. दक्षाने धर्माला तेरा मुली दिल्या, त्यांची यादी त्यात आहे: श्रद्धा, मैत्री, दया, शांती... उन्नतीही निघाली. बाप खूश.

‘आता तिच्या मुलाचं नाव वाचा.’

मुलाचं नाव दर्प. म्हणजे गर्व.

बापाने खिडकीतून खाली, आपल्या नव्या गाडीकडे पाहिलं.

‘मैत्री ठेवा,’ काका म्हणाले. ‘तिच्या पोटी प्रसाद आहे.’ मग एक पेढा तोंडात टाकून त्यांनी ताट बापाच्या हातात दिलं. ‘जा, आधी शेजारच्या तिन्ही घरांत देऊन या.’