पर्मनंट नोकरी नाकारणारा

बायबलमधल्या ईयोबाचं गाऱ्हाणं साधं आहे: इतकं नेकीनं वागलो, तरी माझ्याच नशिबी हे का? देव उत्तर देत नाही, उलट प्रश्नांची सरबत्ती करतो. एकेचाळिसाव्या अध्यायात लिव्याथान नावाचं जलचर पुढे येतं. याला गळ टाकून ओढशील? पाखरासारखं खेळवशील? हा तुझ्याशी करार करून जन्मभराचा चाकर होईल?

भिलाईत बसून हा शेवटचा प्रश्न वाचला की गंमत वाटते. १९५९ साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून घराघरातून देवाकडे मागणं एकच: प्लांटमध्ये पर्मनंट नोकरी आणि सेक्टरमध्ये क्वार्टर. ती नाकारणारं कुणी असतं, हेच पटत नाही.

लिव्याथानाचं पुढचं वर्णन मात्र इथं ओळखीचं. तोंडातून ज्वाळा, नाकपुड्यांतून धूर, श्वासानं पेटणारे कोळसे. आमच्या आठव्या नंबरच्या फर्नेसचं नावच मुळी महामाया! एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं विझवत नाहीत. तिच्यासाठी माणसं तीन पाळ्यांत झोपतात-उठतात. चाकर नेमकं कोण, हे देवानं नाइट शिफ्टवाल्याला विचारायला हवं होतं. शिवाय या प्राण्याला लोखंड म्हणजे काडीकचरा वाटतं म्हणे. हे वाक्य भिलाईत जरा हळू वाचावं.

लिव्याथान म्हणजे मगर, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. मग शेजारच्या बेमेतरा जिल्ह्यातल्या (२०१२पर्यंत तो आमच्या दुर्ग जिल्ह्याचाच भाग होता) बावामोहतऱ्याच्या गंगारामची साक्ष काढायला हवी. गावच्या तळ्यातली ही नर मगर. वय एकशेतीस, असं गावकरी सांगत. मी वाद घालत नाही. पोरं शेजारी डुंबायची, धक्का लागलाच तर गंगाराम आपणहून बाजूला सरकायचा. लोकांनी दिलेला डाळभातही खायचा. ते दात आणि डाळभात!

जानेवारी २०१९मध्ये तो गेला. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, वजन अडीचशे किलो. व्यापारी लिव्याथानाचे वाटे घालतील का, असंही देवानं विचारलं होतं. इथं गावकऱ्यांनी वनखात्यालाही देह नेऊ दिला नाही. शवविच्छेदन तिथंच झालं, मग सजवलेल्या ट्रॅक्टरवरून अंत्ययात्रा निघाली, शेकडो माणसं जमली आणि त्याला तळ्याकाठी पुरलं.

करार कधी झालाच नव्हता. नोकरीचंही त्याला कुणी विचारलं नव्हतं.