पासष्ट गुणांचा भांडुपकर

(ऑस्ट्रेलियात कायमचं स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या, न इच्छिणाऱ्या आणि ज्यांच्या वतीने घरच्यांनीच इच्छा करून ठेवली आहे अशा सर्व होतकरूंसाठी)

भांडुपला कुशल कामगार नवा नाही. सिएटचे टायर इथे बनत आले, एशियन पेंट्सचा रंग २०१४ पर्यंत इथे तयार होत होता, आणि टेंभीपाड्यापासून कोकणनगरापर्यंतची निम्मी घरं या नाही तर त्या कारखान्याच्या पगारावर उभी राहिली. त्या काळी कुशल ठरायची रीत सोपी होती. फोरमन तुम्हाला आठ दिवस मशीनवर उभं करायचा आणि नवव्या दिवशी मान हलवायचा. मान उभी हलली की कुशल, आडवी हलली की गावचं तिकीट.

आता मान हलवायचं काम तक्ता करतो. कॅनडाने १९६७ साली परदेशी माणसाला गुण देऊन निवडायची पद्धत काढली, १९७९ साली ती ऑस्ट्रेलियाने उचलली. कॅनडाचा आजचा तक्ता १२०० गुणांचा आहे. तो समजावायला सीए लागतो, म्हणून आपण ऑस्ट्रेलियाच घेऊ. तिथे किमान ६५ गुण लागतात. दहावी-बारावीच्या टक्क्यांवर पोसलेल्या मराठी घराला हे ऐकून हायसं वाटतं. ‘पासष्टच ना? आमच्या बंड्याला पीटीत जास्त पडायचे.’ बंड्याने पुढच्या पायऱ्या नीट वाचाव्यात.

पायरी पहिली : योग्य वेळी जन्माला या

२५ ते ३२ वय असेल तर ३० गुण. ३३ पासून ३९ पर्यंत २५. चाळिशी ओलांडली की १५ आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की अर्जच बाद. संपूर्ण तक्त्यात एका रकान्यात यापेक्षा जास्त गुण कुठेच नाहीत, आणि ते मिळवण्यासाठी उमेदवाराला काहीही करावं लागत नाही. तेव्हा ही कामगिरी आई-वडिलांच्या नावे जमा धरावी आणि त्यांना तसं एकदा सांगावं.

इथे एक खोच आहे. वय धरतात ते जायची इच्छा नोंदवल्या दिवसाचं नव्हे, तिकडून अर्ज करायचं बोलावणं आल्या दिवसाचं. म्हणजे तुम्ही रांगेत उभे असताना तेहतिसावा वाढदिवस आला तर केक कापता कापता ५ गुण कापले जातात. ज्यांचं नाव गावाकडच्या शाळेत घातलं होतं त्यांनी दाखल्यावरची जन्मतारीख आधी पाहावी. मास्तरांनी सरसकट १ जून लावलेली असते. ती खरी नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं, पण पासपोर्टवर तीच असल्यामुळे ऑस्ट्रेलिया सरकारपुढे तुम्ही जूनमध्येच जन्मलात. मास्तरांनी दोन महिने आधी जन्माला घातलं असेल तर आता त्यांच्याशी भांडून उपयोग नाही.

पायरी दुसरी : इंग्रजीत बोला, खरं बोलू नका

आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही विभागांत प्रत्येकी ६ आले तर तुम्ही अर्जाला पात्र, पण गुण शून्य. चारही ७ आले तर १०. चारही ८ आले तर २०. तीन विभागांत साडेआठ आणि लेखनात साडेसहा आले तरी शून्यच. सरासरी काढायची सवय असलेल्यांनी ती इथे सोडावी.

बोलण्याच्या परीक्षेत एक कार्ड हातात देतात. विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन. कार्डावर असतं : ‘तुम्हाला आवडलेल्या एखाद्या प्रवासाबद्दल सांगा.’ सराव घरीच करायचा असतो आणि घर दीड खोल्यांचं असतं, त्यामुळे श्रोते आपोआप मिळतात. उमेदवार कठड्याला टेकून भांडुप ते घाटकोपर या प्रवासाचं वर्णन सुरू करतो. चाळीस सेकंदांत घाटकोपर येतं. उरलेल्या ऐंशी सेकंदांचं काय करायचं? आजी आतून म्हणते, ‘अरे, गर्दी होती म्हण, चेंगराचेंगरी झाली म्हण, वेळ जाईल.’ परीक्षकाला चेंगराचेंगरी नको असते, त्याला निसर्गरम्य काहीतरी हवं असतं. म्हणून आपल्यातले शेकडो उमेदवार परीक्षेत कधीही न पाहिलेल्या स्वित्झर्लंडला जाऊन आले आहेत. माझा सल्ला : गणपतीला कोकणात जातानाचा प्रवास सांगा. दोन मिनिटं काय, परीक्षकाला थांबा म्हणावं लागेल.

पायरी तिसरी : आपण एकच माणूस आहोत हे सिद्ध करा

पदवीला १५ गुण, पीएच.डी.ला २०. तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेला डिप्लोमा किंवा ट्रेडचं प्रमाणपत्र असेल तर १०. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे धंदे तिथल्या मागणीच्या यादीत आहेत, हे आयटीआयला नाक मुरडणाऱ्या काकांना जरूर कळवावं.

पदवी मिळवणं सोपं. ती मिळवणारे आपणच, हे दाखवणं अवघड. मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर वडिलांचं नाव आद्याक्षरात आटोपलेलं. आणि लग्न झालेली बाई असेल तर माहेरच्या नावाने पदवी, सासरच्या नावाने पासपोर्ट. तांदळात अंगठीने लिहिलेलं हौसेचं नाव बँकेच्या खात्यावर. ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याला इथे तीन बायका दिसतात आणि त्यातली नेमकी कोण येणार, असा प्रश्न पडतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं, विवाहाचा दाखला जोडावा, गरज पडली तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं. मुंबई विद्यापीठवाल्यांनी ट्रान्सक्रिप्टसाठी कालिन्याला अर्ज करावा आणि तो सगळ्यात आधी करावा. ही पायरी विनोदी वाटेल, पण उमेदवारांचा वेळ खातात ते गुण कमी, आद्याक्षरं जास्त.

पायरी चौथी : ‘आम्ही’ सोडा, ‘मी’ म्हणा

परदेशातल्या, म्हणजे त्यांच्या दृष्टीने परदेशातल्या, अनुभवाला तीन वर्षांना ५ गुण, पाचला १०, आठला १५. तोही गेल्या दहा वर्षांतलाच. अनुभव आहे हे कंपनीने लेटरहेडवर लिहून द्यावं लागतं : काम काय, तास किती, पगार किती. मोठ्या कंपनीचा एचआर ‘आमच्याकडे ठरावीक मजकूरच मिळतो’ म्हणतो. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्याचा मालक ‘देतो रे, तू लिहून आण’ म्हणतो आणि पत्र वाचल्यावर प्रथमच त्याला कळतं की आपण याला किती कामं लावली होती. पगाराचा आकडा मात्र तो दोनदा वाचतो.

आपल्याकडच्या बऱ्याच इंजिनिअरांना याखेरीज एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेला आपल्या कामाचे तीन प्रसंग लिहून द्यावे लागतात, प्रत्येकी किमान हजार शब्दांचे. अट अशी की ‘आम्ही केलं’ चालत नाही, ‘मी केलं’ असं लिहायचं. मराठी माणसाची खरी कसोटी इथे लागते. ‘साहेबांच्या मार्गदर्शनाखाली आणि सर्व सहकाऱ्यांच्या सहकार्याने’ हे शब्द आल्याखेरीज त्याचं पेन पुढे सरकत नाही. त्याने पंप दुरुस्त केलेला असतो, एकट्याने, रात्री दोन वाजता, पावसात, आणि लिहिताना तो साहेबांचे आभार मानतो. साहेबांना ऑस्ट्रेलियाला जायचं नाही. वाक्य ‘मी’ने सुरू करा, दचकू नका, पुढचं वाक्यही ‘मी’नेच करा.

पायरी पाचवी : लग्नाचा निर्णय दूतावासावर सोडा

२०१९ च्या नोव्हेंबरपासून ऑस्ट्रेलिया एकट्या माणसाला १० गुण देते. जोडीदार इकडचाच असेल तर तो स्वतः कुशल, पंचेचाळिशीच्या आतला आणि इंग्रजी येणारा हवा, तरच तेवढे गुण. नुसतं इंग्रजी येत असेल तर ५. दोन्ही नसेल तर शून्य. भांडुपमध्ये रविवारी सकाळी होणाऱ्या संभाषणांवर याचा थेट परिणाम होतो.

‘अरे, ठाण्याचं स्थळ आलंय. मुलगी बीकॉम आहे, घरचं चांगलं आहे.’

‘आई, तिचं स्किल असेसमेंट झालंय?’

‘म्हणजे स्वयंपाक ना? येतो तिला.’

‘तसं नाही गं. माझे दहा जातील.’

‘दहा कसले? आम्ही काही मागत नाही त्यांच्याकडे.’

‘लग्न कधी?’ या प्रश्नाला आजवर कुणालाच पटेल असं उत्तर नव्हतं. आता एका परक्या सरकारने ते गुणांसह दिलं आहे. मावशीसमोर तक्ता उघडून दाखवावा. मावशी गप्प बसणार नाही, पण काही वेळ चष्मा शोधेल.

पायरी सहावी : मराठी शाळेचा राग सोडा

आता या लेखातला सगळ्यात खरा आणि कुणालाही खोटा वाटणारा मजकूर. मराठी येते म्हणून ऑस्ट्रेलिया ५ गुण देते. ‘नाटी’ या संस्थेची एक भाषापरीक्षा असते. दोन संवाद, प्रत्येकी सुमारे तीनशे शब्दांचे. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी. तुम्ही मधे बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायचं. एका वेळी पस्तीस शब्दांपर्यंत. एकूण ९० पैकी ६३ मिळवायचे, शिवाय प्रत्येक संवादात ४५ पैकी २९ हवेतच. दवाखाना, कोर्ट, विमा, घरभाडं असे विषय असतात. दोन भांडणाऱ्यांचा मधला निरोप्या होण्याचा सराव चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला लहानपणीच झालेला असतो.

गोम अशी की मराठी वाक्यात विनाकारण इंग्रजी घुसवलं तर गुण कापतात. ज्याने आयुष्यभर ‘मी टोटली कन्फ्यूज झालोय’ असं मराठी बोललं, त्याला मेलबर्नला जाण्यासाठी ‘माझा पुरता गोंधळ उडालाय’ असं म्हणायला शिकावं लागतं. इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं यासाठी आजीकडे शिकवणी लावतात. आजी फी घेत नाही, फक्त मधे मधे ‘हेच मी म्हणत होते’ म्हणते.

या ५ गुणांची किंमत कळायला जरा मागे जावं लागतं. १९०१ च्या कायद्याने याच ऑस्ट्रेलियात नको असलेल्या माणसाला बंदरावर पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालायचे, आणि तेही अधिकाऱ्याच्या मर्जीतल्या कुठल्याही युरोपीय भाषेत. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला तर त्यांनी स्कॉटलंडची गेलिक घातली. तो नापास झाला, हे वेगळं सांगायला नको. ही परीक्षा १९५८ मध्ये बंद झाली. त्या देशाने पुढे मराठीला ५ गुण ठेवले. महाराष्ट्रात मराठी आल्याबद्दल कोण किती गुण देतं, हा हिशेब वाचकांनी स्वतः करावा.

पायरी सातवी : उपनगरी असण्याचा फायदा घ्या

एखाद्या राज्याने १९० या व्हिसासाठी तुमचं नाव सुचवलं तर ५ गुण, आणि ४९१ या पाच वर्षांच्या तात्पुरत्या व्हिसासाठी सुचवलं तर १५. या दुसऱ्याला अट एवढीच की मग ‘रिजनल’ भागात राहायचं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून सगळा ऑस्ट्रेलिया रिजनल. पर्थही आणि अॅडलेडही. दक्षिण मुंबईकराला हा अपमान वाटेल. भांडुपकराला वाटणार नाही. ‘मुंबईत म्हणजे नक्की कुठे?’ या प्रश्नाला ‘मुलुंडच्या अलीकडे’ असं उत्तर देत तो मोठा झालेला असतो. होबार्टमध्ये त्याला फक्त ‘मेलबर्नच्या खाली’ एवढंच पाठ करायचं आहे.

पायरी आठवी : बेरीज करा, मग बसा

वय ३३ म्हणून २५. पदवीचे १५. आठ वर्षांच्या अनुभवाचे १५. चारही विभागांत ७ म्हणून १०. झाले ६५. पेढे आणू नका. ६५ म्हणजे जायची इच्छा नोंदवणारं इच्छापत्र भरायची परवानगी. अनेक धंद्यांत बोलावणं त्याहून बरंच वर थांबतं. भांडुप स्टेशनवर सकाळी तिकीट हातात असलं म्हणजे गाडीत पाय ठेवायला मिळतो असं नाही, तसंच हे. आता अविवाहित म्हणून १०, झाले ७५. मराठीचे ५, झाले ८०. म्हणजे शिक्षण, नोकरी आणि इंग्रजीने काठावर आणून सोडलेल्या उमेदवाराला वर ओढलं ते न झालेल्या लग्नाने आणि घरच्या भाषेने. भांडुपने त्याला शिकवलेलं बाकी काहीही, म्हणजे पाणी यायच्या वेळेला उठणं, चढावरून सिलिंडर नेणं, चौथ्या सीटवर बसून झोपणं, कुठल्याही रकान्यात बसत नाही.

इच्छापत्र दोन वर्षं चालतं. बोलावणं आलं तर अर्जाला साठ दिवस मिळतात, आणि फी साडेचार हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जाते. दरम्यान सोसायटीत कुणाला काही सांगू नका. सांगितलंत तर ‘काय, गेला नाहीस अजून?’ हे बोलावण्याच्या आधी येईल.

‘गॅरंटी’ देणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. तक्ता सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे आणि बेरीज तुम्हाला येते. बत्तिसावं सरत आलं असेल तर लेख इथेच मिटा आणि आधी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाका.