यश कशाला म्हणतात हे ठाऊक नसताना करिअर निवडण्याची शास्त्रोक्त रीत

प्रस्तुत मार्गदर्शन सतरा ते अडतीस वयोगटातल्या होतकरू मंडळींसाठी आहे. अडतीस हा आकडा आम्ही पदरचा घातलेला नाही. राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा तेवढी आहे, आणि आपण आयुष्यात काय करावे हा विचार माणसाने कधी थांबवायचा, याबद्दल शासनाने इतके स्पष्ट मत अन्यत्र कुठे नोंदवलेले नाही. राखीव प्रवर्गाला आणखी पाच वर्षे विचार करण्याची मुभा आहे.

'मला यश म्हणजे नेमकं काय हवंय तेच कळत नाही,' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आमचे पहिले सांगणे असे, की ते कळण्याची गरज नाही. यशाची व्याख्या ज्याची त्याने करायची आपल्याकडे रीत नाही. आपल्या लग्नातला आंतरपाट आपण धरत नाही, तसेच हे. धरायला माणसे असतात. ती कोण आणि कुठे उभी असतात एवढे ओळखले, की उमेदवाराचे निम्मे काम झाले.

पहिले माणूस म्हणजे आत्या. ज्यांना आत्या नाही त्यांनी मामी किंवा खालच्या मजल्यावरचे काका धरावेत. आत्या कुणाच्या तरी लग्नात, हातात ताट घेऊन, मसालेभाताच्या रांगेत भेटते आणि विचारते, "काय रे, हल्ली काय करतोस?" या प्रश्नाचे उत्तर वाढप्याने भातावर तूप सोडेपर्यंत संपले पाहिजे. करिअर निवडण्याची ही आद्य कसोटी. 'बँकेत आहे', 'तहसीलदार आहे', 'डॉक्टर आहे' ही उत्तरे तुपाच्या आत बसतात. 'एका स्टार्टअपसाठी युजर रिसर्च करतो' हे बसत नाही. तुमचे वाक्य अर्धे व्हायच्या आत मागून आईचा आवाज येतो, "कॉम्प्युटरमध्येच आहे हो तो." आई खोटे बोलत नसते, ती तुमचे करिअर आत्याच्या मापाचे करून देत असते.

या कसोटीवर आजवरचे सर्वोत्तम उत्तर 'अमेरिकेत असतो' हे आहे. त्यात काम काय, हेच सांगावे लागत नाही. प्रत्यक्षात मुलगा एम.एस. संपवून तीन वर्षांच्या ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, दिवस मोजत असेल, आणि वर्षाला ८५ हजार एच-वन-बी व्हिसांची जी सोडत निघते तिच्यात आपला नंबर लागतो का, म्हणून दर मार्चमध्ये झोप उडालेली असेल. पण आत्याला सोडत म्हणजे म्हाडाची एवढेच ठाऊक आहे. ते तसेच राहू द्यावे.

आता शाखानिवड. मुलाचा कल कुठे आहे हे आधी पाहावे असे काही तज्ज्ञांचे म्हणणे असते. शासनानेही २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सगळ्या मुलांची कलचाचणी घेऊन पाहिली. ज्याच्या कागदावर 'ललित कला' आले, त्याच्या घरी पुढे काय करावे याची रीत ठरलेली आहे. कागद वडिलांनी चष्मा लावून पूर्ण वाचावा, 'अरे वा' म्हणावे, डोमिसाइल आणि जातीच्या दाखल्यासोबत प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवावा, आणि सायन्सचा फॉर्म भरावा. कारण 'सायन्सवरून कुठंही जाता येतं.' हे विधान खरे आहे. फक्त 'कुठंही' या गावी जाणारी एकच गाडी आहे, आणि ती इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारात थांबते.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा शिक्षणसम्राट आणि कॅपिटेशन फी यांवर पुष्कळ चर्चा झाली. या निर्णयाची खरी थोरवी मात्र कुणी सांगितली नाही. ज्यांचे काहीच ठरलेले नाही अशा पोरांना चार वर्षे इभ्रतीने राहता येईल, अशी ती महाराष्ट्रातली सर्वांत मोठी सोय झाली. पूर्वी ही जबाबदारी बी.ए. आणि बी.कॉम.वर असे, पण बी.ए. करणाऱ्याला 'पुढे काय?' असे दुसऱ्याच दिवशी विचारतात, इंजिनिअरिंगवाल्याला कॅम्पस इंटरव्ह्यूपर्यंत कुणी विचारत नाही.

चार वर्षे संपूनही काही ठरले नसेल, तर पुण्याला जावे.

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड हा भाग निर्णय पुढे ढकलण्याच्या शास्त्रात काशीइतका पुराणा नसला तरी तितकाच जागृत आहे. तिथे अभ्यासिकेत जागा मिळते. जागा म्हणजे तीन बाजूंनी प्लायवूड, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा आणि त्याखाली पेनाने लिहिलेले, अजून न मिळालेल्या पदाचे नाव. चहाला उठताना खुर्चीवर लक्ष्मीकांत पालथा घालून जावे. राज्यघटनेचे ते जाडजूड पुस्तक असेपर्यंत तिथे कुणी बसत नाही. मेसवाल्याला सणाला गावी जाण्याआधी खाडा सांगावा, नाहीतर न जेवलेल्या जेवणाचे पैसे जातात. संध्याकाळी अमृततुल्यापाशी उभे राहून मागच्या वर्षीचा कट-ऑफ आणि यंदाचा अंदाज यांवर बोलावे. हा विषय कधी संपत नाही.

इथली मुख्य सोय अशी, की 'तयारी करतोय' हाच एक व्यवसाय आहे. त्याला गावात मान आहे, घरून मनीऑर्डरच्या जागी आता यूपीआय येते, आणि यश म्हणजे काय हे तुम्हाला ठरवावे लागत नाही. ते जाहिरातीत छापून येते. पदे किती, अभ्यासक्रम काय, शारीरिक चाचणी आहे का, सगळे. पीएसआय, एसटीआय आणि एएसओ, म्हणजे पोलीस ठाणे, राज्यकर आणि मंत्रालय, या तीन अगदी वेगळ्या आयुष्यांची पूर्व परीक्षा एकच असते. कोणते आयुष्य आवडेल हा प्रश्न पसंतिक्रमाच्या रकान्यात मिटतो. २०२३ च्या सुरुवातीला ही मुले पुण्यात रस्त्यावर उतरली, ती लेखी उत्तरांचा नवा पॅटर्न आत्ताच नको, २०२५ पासून लावा म्हणून. मागणी मान्य झाली. आपल्याला काय व्हायचंय ते कुणीतरी सांगा, अशा मागणीचा मोर्चा मात्र आजवर निघालेला नाही.

या पेठेची टिंगल करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे वडील नोकरीत होते. दोन एकर कोरडवाहूवरून आलेल्या पोराला हे एकच दार असे दिसते, जिथे आत जाताना 'तुझा मामा कोण?' असे विचारत नाहीत. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असले तरी. हे आम्ही मार्गदर्शनाच्या ओघात लिहून गेलो. वाचकाने मूळ विषयाकडे यावे.

चार-पाच वेळा 'दोन मार्कांनी गेलं' झाल्यावर प्लॅन बी काढावा. प्लॅन बीचे उत्तम स्वरूप म्हणजे शेजारच्याच गल्लीत क्लास काढून दोन मार्क कसे मिळवावेत हे शिकवणे.

दुसरे माणूस, किंबहुना दुसरी संस्था, म्हणजे लग्नाचा बायोडाटा. अनुभवी पालक सांगतात की करिअर करून मग बायोडाटा लिहिणे ही उलटी पद्धत आहे. बायोडाटा आधी लिहावा आणि मग जे रकाने रिकामे राहतील तेवढेच करिअर करावे. त्यात श्रम वाचतात. रकाने असे: शिक्षण, नोकरी, पॅकेज, स्वतःचे घर, शेती. यातला शेतीचा रकाना नाजूक आहे. शेती असावी, पण मुलगा ती करत नसावा. सातबाऱ्यावर नाव हवे आणि पायात बूट हवेत. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. मुलींचे प्रमाण घटले, गर्भलिंग चाचणीचा कायदा नीट राबवा, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबरच होते. ज्यांना करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात कंटाळा येतो त्यांनी या वरातीचे फोटो पाहावेत. यशाची बाजारातली व्याख्या इतक्या स्पष्टपणे आणि बँडसकट दुसरीकडे पाहायला मिळणार नाही.

मुलींसाठी वेगळे प्रकरण लिहिण्याचा आमचा विचार होता, पण ते एका ओळीत आटोपते: नोकरी चांगली असावी, मुलाच्या नोकरीपेक्षा फार चांगली नसावी, आणि बदलीची असल्यास मुलाच्या गावी बदलणारी असावी.

काही उमेदवार या टप्प्यावर निराश होऊन थोरामोठ्यांची चरित्रे वाचू लागतात. हे कटाक्षाने टाळावे. नमुन्यादाखल त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचा बायोडाटा घ्या. जन्म १८७०. १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. कलाशाळेत. मग बडोद्याचे कलाभवन. मग गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा. प्लेगात बायको आणि मूल गेले, धंदा बंद. मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे चक्क सरकारी नोकरी, तुपाच्या आत बसणारी. ती सोडली. मग छपाईचा कारखाना. भागीदारांशी बिनसले, तोही सोडला. मध्येच जादूचे प्रयोग, आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. चाळिशी उलटली तेव्हा हा गृहस्थ विलायतेहून कॅमेरा आणून, कुंडीत वाटाणा रुजत घालून, त्याचे रोज थोडे थोडे चित्र घेत बसला होता. त्यासाठीच्या प्रवासाला विम्याची पॉलिसी गहाण पडलेली. त्या दिवसांत आत्या घरी आली असती आणि "काय करतो हल्ली धुंडिराज?" असे तिने विचारले असते, तर दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी काय सांगायचे होते? वाटाणा लावलाय म्हणून?

त्या वाटाण्याच्या फिल्मवर भांडवल मिळाले, सरस्वतीबाईंचे दागिने मोडले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याआधी सगळ्या नटमंडळींचा स्वयंपाक उरकून रात्री कोऱ्या फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्याचे काम याच बाई करत. त्यांच्या बायोडाटातला 'नोकरी' हा रकाना आजही कोराच आहे. स्वतः फाळके १९४४ साली नाशकात गेले ते ओढगस्तीत. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार देते. तेव्हा पालकांनी हे उदाहरण मुलांसमोर अजिबात ठेवू नये. ठेवायचेच असेल तर पुरस्कारापासून सुरू करून मागे १९१३ पर्यंत जावे आणि तिथे थांबावे. वाटाण्यापर्यंत जाऊ नये. मुलगा कुंडी मागतो.

यापुढे उमेदवाराने प्रयत्न करावेत, ते कसे करावेत हे या मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही. बाजारात त्याची पुस्तके आहेत, त्यांच्या मुखपृष्ठावर डोंगर असतो.

उरला तो एकच प्रश्न: व्याख्या आपली नसल्यामुळे यश आले तरी ते आपल्याला कळायचे कसे? याची बाह्य लक्षणे देतो. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर तुमच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो संख्येने जास्त आणि आकाराने मोठे असतात, त्याचा राग मानू नये. पासपोर्टचा फोटो मात्र देऊ नये. फ्लेक्सवर ताणला की चेहरा गावातल्या दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. मग शाळा बोलावते. शाल, श्रीफळ, आणि घरात कुठेच न मावणारे सन्मानचिन्ह. मुख्याध्यापक तुमच्या बाकाची जागा दाखवतात. ती चुकीची असते, तरी मान डोलवावी. आणि मग दहावीच्या मुलांसमोर 'माझ्या यशाचे रहस्य' या विषयावर वीस मिनिटे बोलायला उभे करतात.

इथे गडबडू नये. जिद्द, चिकाटी आणि आईवडिलांचे आशीर्वाद यांत बारा मिनिटे सहज जातात. उरलेली आठ गरिबीत काढावीत; स्वतःची नसेल तर आजोबांची चालते. भाषणानंतर प्रश्नोत्तरे ठेवण्याची हल्ली एक पद्धत निघाली आहे. ती वेळेअभावी रद्द करावी लागेल, असे सूत्रसंचालकाला चहाच्या वेळीच सांगून ठेवावे.