शिकाऊ उमेदवार

आषाढी करून परतलेला वारकरी जसा गळ्यातल्या माळेवरून आणि कपाळीच्या बुक्क्यावरून ओळखू येतो, तसा उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या मोठ्या कंपनीत आठ आठवडे काढून परतलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी हल्ली संगमनेरच्या बसस्थानकावर उतरताक्षणीच ओळखता येतो. कारण कंपनीचे ओळखपत्र शेवटच्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने जमा करून घेतलेले असले, तरी ते ज्या निळ्या फितीला लटकत असे ती फीत त्याने गळ्यात तशीच राखलेली असते. माझा भाचा या फितीसह जुलैच्या पहिल्या रविवारी घरी आला, आणि ‘कसा आहेस रे बाळा?’ या आईच्या प्रश्नाला त्याने ‘ऑल गुड’ असे उत्तर दिले, तेव्हाच मुलगा आपल्या हातचा गेला हे माझ्या बहिणीने जाणले.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे कोणतीही नवी गोष्ट जुन्या दप्तरात धुंडाळण्याची मला खोड आहे. इंटर्नशिप या शब्दाचा घरात फारच गाजावाजा होऊ लागला तेव्हा मी चौकशी केली, आणि ती आमच्या आजोबांची उमेदवारीच निघाली. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत चिकटू पाहणाऱ्या मुलाने वर्ष-दोन वर्षे, आणि नशीब खोटे असल्यास चार वर्षे, बिनपगारी राबावे, बारनिशीतील टपाल लावावे, रावसाहेबांच्या दौतीत शाई भरावी आणि एखादा कारकून पेन्शनीत निघण्याची वा देवाघरी जाण्याची वाट पाहावी, असा शिरस्ता होता. या वाट पाहण्यालाच फारसीतल्या ‘उमेद’ शब्दावरून ते गोड नाव पडले. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने 1961 साली कायदा केला, तेव्हा त्याच्या मराठी भाषांतरकारालाही ‘शिकाऊ उमेदवार’ याहून बरा शब्द सापडला नाही. फरक एवढाच की आजोबांना आपण उमेदवार आहोत याची जाणीव होती, आणि भाचेबुवा मात्र आपण कंपनी चालवून आलो अशा थाटात वावरत होते.

वास्तविक या उमेदवारीसाठी गाव सोडण्याची मुळीच आवश्यकता नव्हती. मेव्हण्यांनी सुचवले होते की मे महिन्यात गाळप संपलेले असते, साखर कारखान्याची दुरुस्ती चाललेली असते, मिलचे रोलर खाली उतरवलेले आणि टर्बाइन उघडून ठेवलेले असते, बॉयलरच्या नळ्यांत धरलेली खपली नखाने खरवडून पाहता येते. असले शिक्षण बारमाही चालणाऱ्या कारखान्यात मिळणे नाही. सल्ला लाख मोलाचा होता आणि घरचा होता, म्हणूनच तो अव्हेरला गेला. 1983 साली अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाल्यापासून या गावाने इंजिनियर काही कमी पाहिलेले नाहीत. पण साखर कारखान्यात, दूध संघात किंवा तंबाखूच्या पेढीवर राबतो तो ‘आपला पोरगा’, आणि चंदनापुरीचा घाट ओलांडून जातो तो खरा इंजिनियर, अशी एक समजूत येथे दृढ झाली आहे. भाचेबुवांनी घाट ओलांडला आणि आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर अशी मजल दरमजल करीत ते चाकणला दाखल झाले.

चाकण आज मोटारींसाठी प्रसिद्ध आहे. परंतु 1660 साली तेथील संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या अफाट फौजेला पंचावन्न-छपन्न दिवस झुंजत ठेवले होते. भाच्याची मुदतही मोजून छपन्न दिवसांचीच. किल्ला पडल्यावर फिरंगोजीच्या मर्दुमकीवर खूश होऊन खानाने त्याला चाकरी देऊ केली आणि त्या स्वाभिमानी पुरुषाने ती नाकारली. भाच्यावर चाकरी नाकारण्याचा प्रसंग आला नाही.

त्या अनाम कंपनीत (नाव घेतले तर भाच्याची पुढची उमेद जायची) पहिला आठवडा सुरक्षिततेचा एकच चित्रपट तीनदा पाहण्यात गेला आणि संगणकाचा पासवर्ड नवव्या दिवशी मिळाला. वरिष्ठांना ‘सर’ म्हणायचे नाही, एकेरी नावाने हाक मारायची, असा तेथे दंडक होता, त्यामुळे हा बिचारा पंधरा दिवस कुणाला हाकच मारीत नव्हता. अखेरीस त्याच्या हाती मोबाइलवरचे स्टॉपवॉच देऊन त्याला जोडणीच्या लाइनवर उभे करण्यात आले, आणि एक नट किती सेकंदांत आवळला जातो याची नोंद ठेवण्याची कामगिरी त्याच्याकडे सोपवली गेली. लाइनवर जुन्नरकडचे एक दादा होते. तीन दिवस त्यांनी हे घड्याळ सोसले. चौथ्या दिवशी म्हणाले, ‘भाऊ, घड्याळ ठेव खिशात आणि माझ्या हाताकडं बघ. पाना उजव्या हातात, आणि वायसरचा ट्रेबी उजवीकडंच. दर खेपेला पाना खाली ठेवायचा, वायसर घ्यायचा, परत पाना उचलायचा. ट्रे डावीकडं आणा म्हणून दोन वर्सं सांगतोय.’

भाच्याने हे दादांचे दोन वर्षांचे गाऱ्हाणे बावीस स्लाइडांत बसवले, त्यास रंगीत आलेख जोडले आणि वरिष्ठांपुढे सादर केले. त्यात दादांचा उल्लेख नव्हता. (त्याबद्दल मी त्याला चार शब्द सुनावले, आणि त्याने ते ऐकून घेतले, हे नमूद केले पाहिजे.) वरिष्ठ ‘गुड इनसाइट’ म्हणाले. आमच्या कचेरीत यालाच ‘विचाराधीन’ म्हणत. आणि विचाराधीन झालेल्या कागदाचे पुढे काय होते हे ज्याने तीस वर्षे रेकॉर्डखोलीतील गठ्ठे बांधले आहेत त्याला विचारावे.

घरी परतल्यावर तरी हा वारा उतरेल अशी आमची अटकळ होती. पण दुसऱ्याच दिवशी त्याने स्वयंपाकघराची पाहणी करून तेथे ‘फाइव्ह एस’चा सर्वथा अभाव असल्याचा अभिप्राय दिला, आणि बहीण दुपारी लवंडली असता मांडणीतील सर्व डबे उंचीप्रमाणे लावून त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. जी बाई तीस वर्षे अंधारातही मोहरीच्या डब्यावर अचूक हात टाकीत आली, ती त्या संध्याकाळी चष्मा लावून हिंग शोधीत होती. तिसऱ्या दिवशी तो स्टॉपवॉच घेऊन तिच्या पोळ्या मोजू लागला. एका पोळीस बावन्न सेकंद लागतात असे त्याने जाहीर केले. तिने शांतपणे लाटणे त्याच्यापुढे धरले आणि म्हणाली, ‘घे, तू किती लावतोस बघू.’ त्याने साडेचार मिनिटे लावली आणि जे निष्पन्न झाले त्याचा आकार जिल्ह्याच्या नकाशासारखा होता.

चौथ्या दिवशी मात्र तो घड्याळ न घेता नुसताच ओट्याशी उभा राहिला. पिठीचा डबा शेगडीच्या पलीकडे होता. दर पोळीला तिचा हात तापल्या तव्यावरून जात होता, आणि मनगटाच्या आतल्या बाजूस बांगड्यांच्या खाली जुन्या चटक्यांचे काळसर डाग होते. घरातल्या आम्हा कुणालाही ते इतक्या वर्षांत दिसले नव्हते. त्याने काही न बोलता डबा उचलून पोळपाटाच्या डावीकडे ठेवला. चिठ्ठी डकवली नाही. तीही काही बोलली नाही.

दुसऱ्या सकाळी बाकीच्या चिठ्ठ्या तिने ओल्या फडक्याने पुसून काढल्या आणि डबे आपल्या जागी गेले. कंपनीचे प्रमाणपत्र गेल्या पंधरवड्यात आले. त्यात आडनाव चुकले आहे, आणि दुरुस्तीचा अर्ज मी माझ्या हस्ताक्षरात करून दिला असून तो विचाराधीन आहे. भाच्याने परवा जुन्नरच्या दादांना फोन केला होता. ट्रे अजून उजवीकडेच आहे. आमच्याकडचा पिठीचा डबा डावीकडे आहे.