तळघरातले अण्णा

प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत एक अध्यक्ष असतो, एक सचिव असतो आणि या दोघांनाही न जुमानणारे एक अण्णा असतात. अध्यक्ष-सचिव निवडून येतात. अण्णा पावसाळ्यात उगवतात. बेसमेंट पार्किंगच्या भिंतीवर पहिला काळसर डाग उमटला, की ते लेंगा घोट्याच्या वर दुमडून, हातात टॉर्च घेऊन रॅम्पने खाली उतरतात, ते दिवाळीच्या फराळालाच वर येतात.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत पाणी धरणात राहावं म्हणून झटले, आता ते पार्किंगमध्ये राहू नये म्हणून झटतात. पाण्याने दोन्हीकडे त्यांचं फारसं ऐकलेलं नाही.

त्यांच्यासमोर कुणी नुसतं ‘ओल आलीय’ म्हणायची सोय नाही. ‘कुठली?’ हा प्रश्न ठरलेला. हवेतली की भिंतीतली? याचा निकाल लावायला ते प्लास्टिकचा चौकोनी कागद चारी बाजूंनी टेप मारून भिंतीला चिकटवतात. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या बाहेरच्या अंगाला दिसले, तर दमट हवा गार पृष्ठभागावर निवली. भिंतीकडच्या अंगाला दिसले, तर पाणी भिंतीतून येतंय. एकदा झाडलोट करणाऱ्या मावशींनी तो कागद कचरा समजून काढला, तेव्हा ‘पुरावा नष्ट केल्याबद्दल’ अण्णांनी सचिवांकडे लेखी तक्रार दिली होती. दोन प्रतींत.

पुढची परीक्षा मात्र पाहवत नाही. भिंतीवरचा ओघळ बोटावर घेऊन अण्णा जिभेला लावतात, डोळे मिटतात आणि निवाडा देतात, ‘जड आहे. क्लोरीन नाही. म्हणजे कॉर्पोरेशनचं नव्हे, जमिनीतलं.’ त्याच भिंतीपलीकडून ड्रेनेजची लाइन जाते, हे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण अण्णांना ते सांगणार कोण? आणि आता सांगून उपयोग काय?

मग वर्ग भरतो. फळा नसल्यामुळे एखाद्याच्या धूळभरल्या मोटारीची काच वापरली जाते. ‘आपल्या खाली काळा पाषाण. तो पाणी पीत नाही. पण त्याला भेगा आहेत आणि वर मुरूम आहे. टेकडीवर पडलेला पाऊस त्या मुरमातून, भेगांतून हळूहळू खाली सरकतो. वाटेत कुणीतरी दहा फुटांचा खड्डा खणून ठेवलाय. कुणी? आपण! अहो, खड्ड्यात चहूबाजूंनी पाझर येतो, त्याला विहीर म्हणतात. आपण विहिरीत गाड्या लावतो आणि वर विचारतो, पाणी कसं आलं?’

मोटारीचा मालक काच पुसायला आला, की त्यालाच गणित घालतात. ‘एक मीटर पाण्याचा दाब चौरस मीटरला किती? एक टन! तीन मीटर चढलं, तर तळाशी तीन टन. आणि तुमची कमिटी याला डिस्टेंपर लावून थोपवणार?’

कमिटी डिस्टेंपरच लावते. तिचंही बरोबर आहे. रंगाला पैसे दिले की रंग दिसतो, आणि अण्णांना पैसे दिले तर नाली दिसेल. गणपतीपूर्वी भिंत मोत्यासारखी पांढरी होते. अनंत चतुर्दशीपर्यंत तिला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि मागून लोण्याची पांढरी भुकटी डोकावते. ‘क्षार,’ अण्णा ती बोटाने खरवडत म्हणतात. ‘पाणी वाळून गेलं, आपली सही मागे ठेवून.’ ही मात्र ते चाखत नाहीत.

मधूनमधून ठेकेदार येतात. एकजण भिंतीला भोकं पाडून इंजेक्शन द्यायला सांगतो, दुसरा तीच भोकं बुजवायला. अण्णा दोघांनाही शांतपणे विचारतात, ‘बाहेरच्या अंगाने शहाबादी फरशीची पेटी आहे का?’ ती बांधकामाच्या वेळीच, माती भरण्याआधी करायची असते. आता करायची तर इमारत थोडी बाजूला घ्यावी लागेल. मग अण्णांचा स्वतःचा तोडगा येतो, ‘पाण्याला अडवू नका, वाट द्या.’ भिंतीच्या कडेने नाली, कोपऱ्यात खड्डा, त्यात फ्लोटवर आपोआप चालणारा पंप. पैकी खड्डा आणि पंप कसेबसे मंजूर झाले. नाली विचाराधीन आहे. रात्री फ्लोट अडकतो, तेव्हा अण्णा काठीने त्याला ढोसून जागं करतात आणि किती लिटर बाहेर गेलं त्याची नोंद डायरीत ‘जावक’ या रकान्यात करतात. खातं सुटलं तरी रकाने सुटत नाहीत.

अण्णांचा खरा शत्रू पाणी नव्हे, कॅलेंडर आहे. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. भूजलही नेमकं त्याच सुमारास भरात असतं. ओल्या चपला दाराशी काढून आलेले सभासद नालीचा ठराव हात वर करून एकमताने मंजूर करतात. दरपत्रकं मागवता मागवता डिसेंबर उजाडतो. फेब्रुवारीत भिंत खडखडीत कोरडी. मार्चमध्ये अण्णा जीव तोडून सांगतात, ‘पातळी खाली गेलीय, काम करायचं तर आत्ताच!’ आणि सचिव भिंतीवर हात फिरवून म्हणतात, ‘पण अण्णा, ओल आहेच कुठे?’ निधी लिफ्टकडे वळतो. सप्टेंबरात तोच ठराव, तेच सूचक, तेच अनुमोदक.

याला अण्णा कंटाळत असतील, असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना उन्हाळ्यात पाहिलेलं नाही. कोरड्या बेसमेंटमध्ये ते सासरी गेलेल्या मुलीच्या खोलीत हिंडावं तसे हिंडतात. नाली झालीच तर या माणसाने करायचं काय, ही काळजी ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्या काहींना तरी असावी.

मे महिन्यात बोअर आटतं आणि संस्थेच्या फाटकाशी टँकर लागतो. यंदा पाइप जोडला जात असताना अण्णांनी ड्रायव्हरला गाठलं.

‘कुठलं रे पाणी?’

‘विहिरीचं, काका. हितं खालच्या अंगाला हाय.’

‘खालच्या अंगाला!’ अण्णांचा चेहरा उजळला. पाइपच्या सांध्यातून गळणारी धार त्यांनी बोटावर घेतली, जिभेला लावली, डोळे मिटले.

‘आपलंच!’ ते गरजले. मग तिथेच डायरी उघडून, ऑगस्टपासून कोऱ्या राहिलेल्या शेजारच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : ‘आवक, दहा हजार लिटर. वाहतूक खर्च संस्थेकडे.’