देवाचा दरबार आणि आमची किल्ली

नगरकडच्या आमच्या मंडळीत उपासना साडेनवाला सुरू होते, म्हणजे पाळक साडेनवाला सुरू होतात. मंडळी शेवटच्या गीतापर्यंत येतच राहते. मागचे बाक मात्र आधी भरतात. पुढे बसलं की अर्पणाची थैली सगळ्यांदेखत समोर येते.

आद्यफळांच्या सणाला चित्र पालटतं. यंदा अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात एका गावरान कोंबडीवरून दोन चुलतभाऊ हट्टाला पेटले आणि बोली तीन हजारांवर गेली. (कोंबडीच तेवढी भेदरलेली.) पैसे अजून वहीतच आहेत. भाऊबंदकी बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळत नाही, हे सेमिनरीत कुणी शिकवलं नव्हतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, दार उघडं. त्यांची पदं आम्ही डोळे मिटून गातो. पण तसला दरबार आज कुणी मागितला, तर कमिटी आधी विचारील: वर्गणी कोण भरणार आणि हॉलची किल्ली कुणाकडे राहणार? किल्लीवरून आमच्यात आधीच दोन तट पडलेत. दोघेही प्रार्थनेची विनंती माझ्याकडेच आणतात, समोरच्याला सद्बुद्धी मिळावी म्हणून.