दोन सेंटिमीटरचा सौदा

घासाघीस नाशिककराला कोणी शिकवावी लागत नाही. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मेथीची जुडी उचलायची, नाक मुरडायचं, ठेवायची आणि चालू लागायचं. चार पावलांत मागून हाक येते, "ओ दादा, या, घ्या दहा कमी देऊन!" चीनशी व्यवहार सुरू केला तेव्हा माझं सगळं भांडवल ही चार पावलं होती. अडचण अशी, की फोनवर चालू लागता येत नाही. मी रुसून गप्प बसलो तरी मला माल पुरवणारी चीनमधल्या यीवूची बाई हाक मारत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल भरायला घेते.

मी ऑनलाइन मोदकाचे साचे विकतो. बाप्पाचे साचे चीनहून येतात हे ऐकून हळहळणारे लोक किंमत बघून तेच मागवतात. साच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भांडण सगळं खोक्याचं.

मूळ खोक्यावर एक गोरी बाई ओव्हनमधून केक काढत होती. म्हटलं, हिला घालवा, मोदक टाका. सोबत मोदकाचा फोटो धाडला. नवं डिझाइन आलं त्यात पांढराशुभ्र, टपोरा, कळीदार लसूण! आईनं चष्मा लावून पाहिला. "नैवेद्याला लसूण चालत नाही, आणि तू साचाच लसणाचा आणतोयस?" यीवूच्या बाईंना फरक कळवला. त्यांचं उत्तर आलं: कळ्या दोघांनाही आहेत, फोटो सुंदर आला आहे आणि तो फुकट आहे.

मग किंमत. आपल्याकडे वैधमापनाचे २०११ चे नियम आहेत. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, नग, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एवढं सगळं खोक्यावर हवं. बाकीचं त्यांनी मुकाट छापलं. किंमत म्हटल्यावर अडल्या. खोक्यावर किंमत छापली तर दुकानदार भाव करणार कसा? धंदा कळणाऱ्या माणसाचा प्रश्न होता. त्यांच्या कळवळ्यानं मला भरून आलं, पण कायदा तो कायदा.

खरा तिढा उंचीचा. खोका २२ बाय १५ बाय ९ सेंटिमीटर. आत साचा २०० ग्रॅमचासुद्धा नाही. पण कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ५००० नं भागतो. येतात ५९४ ग्रॅम. अर्धा किलो ओलांडला की दर थेट एक किलोचा! म्हणजे सातपूरच्या गोदामातून मी देशभर हवा पाठवत होतो, आणि तीही चीनची. उंची ७ केली तर ४६२ ग्रॅम. दोन सेंटिमीटरचा प्रश्न.

बाई म्हणाल्या, डाय बदलावी लागेल. म्हणजे पुठ्ठा कापायचा नवा साचा, त्याचे वेगळे पैसे, आणि छपाई करायची तर नग जास्त घ्या. साच्याच्या खोक्यालाही साचा लागतो! त्यात त्यांचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. मी सकाळचा चहा-पोहे आटोपून साडेनऊला टेबलावर बसतो तेव्हा तिकडे बारा वाजतात, जेवण आणि डुलकीची वेळ. त्या उठून जोमात येतात तेव्हा माझे डोळे मिटायला लागतात. दोन्ही देशांच्या वामकुक्ष्यांच्या मधल्या फटीत आमची बोलणी चालत.

दिंडोरीहून मामा आला, त्याच्यापाशी मन मोकळं केलं. मामा द्राक्षवाला, माल नेदरलँडला जातो. त्यानं भाच्याची बाजू घ्यावी की नाही? "बिचारीला किती छळतोस रे?" मग त्याचं सुरू झालं. तिकडच्या सुपरमार्केटनं सांगितलं, अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे झाकणाचे प्लास्टिक डबे, हवेत, एका खोक्यात दहा. आणले. पुढे म्हणाले, झाकण नको, वरून पातळ फिल्म चिकटवा. झाकणवाल्या पनेटांचा ढीग तसाच राहिला. मामाच्या घरी आता मोहरीपासून मोटारीच्या स्क्रूपर्यंत सगळं नेदरलँडच्या मापात असतं. मामीनं एकात उपवासाची भगर भरली आहे, झाकणाच्या भोकातून सांडते म्हणून खाली ताटली.

"तो डच कधी कारण सांगत नाही, म्हणून मी त्याला शिव्या घालतो," मामा म्हणाला. "तू नुसतं 'कमी कर' म्हणतोयस. का, ते सांगितलंस कधी?"

५००० चा भागाकार कागदावर मांडला, पट्टी लावून खोक्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. झोप झाल्या झाल्या बाईंचा निरोप आला: हे आधी का नाही सांगितलंत? पुठ्ठा कमी लागेल, डायचा खर्च निम्मा निम्मा करू. गंगेवर आजवर इतक्या सरळपणे मला कोणी मेथी दिलेली नाही.

लसणाच्या जागी आता मामीच्या हातच्या मोदकाचा फोटो आहे. गणपतीसाठी साचा मागवणार असाल तर एक विनंती: नव्या खोक्याचं झाकण जरा दाबून लावावं लागतं, ते सदोष समजून परत पाठवू नका. येण्याचं आणि जाण्याचं, दोन्ही कुरिअरभाडं मलाच बसतं.